सिस्टरला ‘थांबा’ म्हणता येते का?

गेल्या महिन्यात आमच्या दवाखान्यात एक शिक्षक आले. त्यांच्या आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरत होते. जिल्ह्याच्या गावातली तीन रुग्णालये ते पाहून आले होते. म्हणाले, ‘‘डॉक्टर, खर्चाचं मी बघतो. तुम्ही फक्त एवढंच सांगा, यातलं सुरक्षित कोणतं?’’ सर्जनचा अनुभव किती, भूलतज्ज्ञ कोण, रक्तपेढी किती अंतरावर, असे नेहमीचे मुद्दे मी सांगितले. त्यांनी ते वहीत टिपून घेतले. रात्री जेवताना माझ्या लक्षात आले की, एक महत्त्वाचा प्रश्न आपण त्यांना सांगितलाच नाही. तो असा : तिथली सिस्टर डॉक्टरांना ‘थांबा, हे बरोबर दिसत नाही’ असे म्हणू शकते का?

आजचा लेख या एका प्रश्नावर आहे. वाचकांना वाटेल, हा डॉक्टर आणि सिस्टर यांच्यातला मामला आहे, आम्हाला त्याचे काय? पण खाटेवर झोपलेला माणूस आपल्या घरचा असतो, म्हणून हे आपल्यालाही माहीत असायला हवे.

चोवीस तास कोण असते?

डॉक्टर राउंडला येतो, पाच-दहा मिनिटे थांबतो, केसपेपरवर लिहितो आणि पुढच्या खाटेकडे जातो. मोठ्या डॉक्टरांचे तर दिवसातून एकदाच दर्शन होते. उरलेला सर्व वेळ रुग्णाजवळ परिचारिका असते. सलाईनची जागा सुजली, लघवी कमी झाली, म्हातारी रात्री एकटीच उठून बाथरूमला निघाली, कालपर्यंत बोलणारा रुग्ण आज नुसता डोळे मिटून पडला आहे, हे सर्व तिला आधी दिसते. डॉक्टरने लिहिलेले औषध रुग्णाच्या अंगात जाण्यापूर्वी ते शेवटचे जिच्या हातात असते तीही सिस्टरच. म्हणजे चूक कोणाचीही असो, कागदाची, दुकानाची किंवा डॉक्टरची, ती पकडण्याची अखेरची संधी तिला मिळते.

आधुनिक परिचर्येचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवले होते की, रुग्णालयाची पहिली अट म्हणजे त्याने आजाऱ्याला अपाय करू नये. वाक्य साधे आहे. पण १९९९ साली अमेरिकेच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ने एक अहवाल काढला, त्यात अमेरिकेतील रुग्णालयांत उपचारांतील चुकांमुळे वर्षाला ४४ हजार ते ९८ हजार रुग्ण दगावत असावेत, असा अंदाज दिला होता. जगभर खळबळ उडाली. त्या अहवालाचा निष्कर्ष असा होता की, बहुतेक चुका निष्काळजी माणसांमुळे घडत नाहीत. चूक सहज होईल आणि कोणाच्या लक्षात येणार नाही अशी कामाची पद्धत असते, म्हणून त्या घडतात.

तेव्हापासून ‘रुग्णसुरक्षा संस्कृती’ हा शब्द वैद्यकात रूढ झाला. शब्द जड आहे, अर्थ सोपा आहे. चूक दिसली किंवा शंका आली की त्या ठिकाणची माणसे काय करतात, बोलतात की झाकतात, ही जी सवय पडलेली असते तिचे हे नाव.

दहाचे शंभर

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. १९९४ साली मी एका सरकारी रुग्णालयात इंटर्न होतो. पुरुषांचा मेडिसिन वॉर्ड, रात्रीचे दोन वाजलेले. मधुमेहाचे एक बाबा दाखल झाले होते. त्यांच्यासाठी मी दहा युनिट इन्सुलिन लिहिले आणि ड्युटी रूममध्ये जाऊन आडवा झालो. लिहिताना दहाच्या आकड्याला चिकटून मी युनिटसाठी इंग्रजी ‘यू’ हे अक्षर काढले होते. घाईत त्या अक्षराची वरची टोके जुळली आणि ते शून्यासारखे दिसू लागले. दहाचे शंभर झाले.

नर्सिंगची एक विद्यार्थिनी इन्सुलिन भरायला लागली. आपल्याकडे इन्सुलिनच्या ज्या बाटल्या सर्रास वापरतात त्यांत एका मिलिलिटरला चाळीस युनिट असतात. शंभर युनिट म्हणजे अडीच मिलिलिटर. चाळीस युनिटांची सिरिंज दोनदा भरून पुन्हा अर्धी भरावी लागली असती. वॉर्डच्या जुन्या सिस्टरने ते पाहिले आणि तिचा हात धरला. मग केसपेपर घेऊन त्या माझ्या दारात आल्या.

‘‘डॉक्टर, हे दहा आहे की शंभर?’’

मी झोपेत होतो. डोळे न उघडताच चिडून म्हणालो, ‘‘लिहिलंय ते द्या हो सिस्टर.’’

त्या गेल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘लिहिलंय ते मी देणार नाही. उठा आणि एकदा बघा.’’

मी उठलो, पाहिले आणि झोप उडाली. शंभर युनिट गेले असते, तर बाबांच्या रक्तातली साखर एवढी खाली आली असती की ते सकाळी बहुधा उठले नसते. सिस्टरने ती ओळ खोडायला लावली आणि ‘दहा युनिट’ असे अक्षरात लिहून घेतले. खाली माझी सही घेतली आणि निघून गेल्या. सकाळी त्यांनी कोणापुढे माझी अब्रू काढली नाही. मात्र त्या विद्यार्थिनीला सर्व समजावून सांगितले. त्या दिवसापासून मी युनिट हा शब्द पूर्ण लिहितो.

त्या सिस्टरना वीस वर्षांचा अनुभव होता. एका इंटर्नच्या चिडण्याला त्या घाबरणार नव्हत्या. पण सगळ्याच सिस्टर तशा नसतात आणि सगळे डॉक्टर इंटर्न नसतात. पुढची गोष्ट त्याची आहे.

शंका आली, पण बोलली नाही

त्यानंतर बारा-तेरा वर्षांनी. मी आता चार लोकांत नाव असलेला डॉक्टर झालो होतो. एका खाजगी रुग्णालयात माझे रुग्ण दाखल करत असे. तेथे पाय सुजून लाल झालेले, ताप असलेले एक शेतकरी दाखल झाले. त्यांच्या पत्नीने सिस्टरला सांगितले होते की, ‘यांना पेनिसिलिन सोसत नाही, मागे अंगावर गांधी उठल्या होत्या.’ केसपेपरवर अ‍ॅलर्जीचा रकाना होता, तो कोरा राहिला. मीही विचारले नाही. मी अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्हुलॅनिक आम्लाचे इंजेक्शन लिहिले. हे पेनिसिलिनच्याच कुळातले औषध आहे, पण बाटलीवर कंपनीने दिलेले वेगळेच नाव होते. खाली बारीक अक्षरांत मूळ औषधाचे नाव.

ड्युटीवरची सिस्टर कोर्स संपवून दोन वर्षे झालेली मुलगी होती. तिने ते बारीक अक्षर वाचले. नावाच्या शेवटी ‘सिलिन’ आहे, म्हणजे हे तेच तर नाही, अशी शंका तिला आली. फोन करावा असे वाटले. तिने केला नाही आणि इंजेक्शन दिले. पाचव्या मिनिटाला रुग्णाच्या अंगावर गांधी आल्या, ओठ सुजले, श्वास लागला, रक्तदाब कोसळला. सुदैवाने मी त्याच मजल्यावर होतो. मांडीत अ‍ॅड्रेनलिन दिले, ऑक्सिजन लावला, सलाईन भराभर सोडले. दोन तासांनी माणूस सावरला. मी त्यांच्या पत्नीला सांगितले, ‘‘अशी रिअ‍ॅक्शन कोणालाही येऊ शकते.’’ हे सर्वसाधारणपणे खरे असले, तरी त्या दिवशी ते खोटे होते.

तिसऱ्या दिवशी ती सिस्टर माझ्यापाशी आली. डोळ्यांत पाणी होते. म्हणाली, ‘‘सर, मला शंका आली होती. पण मागच्या आठवड्यात मी सलाईनच्या थेंबांचं विचारलं, तेव्हा तुम्ही सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणालात, ‘एवढंही कळत नसेल तर घरी बसा.’ म्हणून परत फोन करायची हिंमत झाली नाही.’’

मला ते वाक्य आठवतही नव्हते. तिला शब्द न् शब्द आठवत होता.

दोष कोणाचा? तिचाही आहेच, शंका असताना औषध द्यायला नको होते. ज्याने रकाना कोरा ठेवला त्याचा आहे. अ‍ॅलर्जी न विचारता लिहिणाऱ्या माझा तर सर्वांत आधी. पण एवढे सगळे चुकूनही रुग्ण वाचला असता, जर आठवड्यापूर्वी मी तिला नीट उत्तर दिले असते. जेम्स रीझन नावाचे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी अशा प्रसंगांना भोके असलेल्या चकत्यांची उपमा दिली. एकामागे एक चकत्या उभ्या असतात. एकीच्या भोकातून चूक निसटली तर पुढची अडवते. सगळ्यांची भोके एका रेषेत आली की अपघात होतो. माझ्या बाबतीत शेवटच्या चकतीचे भोक मीच पाडले होते.

परिचारिकांना काय विचारतात?

रुग्णालयाचा कारभार कसा आहे हे मालकाला किंवा अधिष्ठात्यांना विचारले, तर उत्तर बहुधा चांगलेच येते. वॉर्डात काम करणाऱ्यांना विचारले की चित्र बदलते. म्हणून २००४ साली अमेरिकेच्या एका सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने रुग्णालयातील कर्मचाऱ्यांसाठी एक प्रश्नावली तयार केली. २०१९ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. अनेक देशांत भाषांतर करून ती वापरतात आणि भरून देणाऱ्यांत परिचारिकांची संख्या मोठी असते. त्यातले विषय आपल्या भाषेत सांगायचे तर असे : तुमच्या वॉर्डात माणसे एकमेकांना सांभाळून घेतात का? काम पाहता माणसे पुरेशी आहेत का? पाळी बदलताना रुग्णाची माहिती गळते का? चूक झाली तर ती तुमच्या नावावर कायमची चिकटते का? वरिष्ठ चुकत असतील तर विचारायची सोय आहे का? तुम्ही कळवलेल्या चुकीचे पुढे काय झाले, हे तुम्हाला कोणी सांगते का?

देशोदेशीच्या उत्तरांत एक साम्य दिसते. ‘आमच्या वॉर्डातल्या आम्ही सगळ्या मिळून काम करतो’ याला चांगले गुण मिळतात. सर्वांत कमी गुण मिळणाऱ्यांत दोन गोष्टी जवळजवळ सगळीकडे असतात : चूक सांगितली तर शिक्षा होईल ही भीती आणि अपुरी माणसे. पाळी बदलताना होणारी गळती त्यांच्या मागोमाग येते. आपल्या तालुक्याच्या गावातली कोणतीही सिस्टर एवढेच सांगेल. त्यासाठी प्रश्नावलीही लागणार नाही, चहा पाजून विचारले तरी पुरे.

जास्त नोंदी म्हणजे जास्त चुका?

येथे एक गंमतीची, पण विचार करायला लावणारी हकीकत सांगतो. एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधिकेने १९९०च्या दशकात रुग्णालयातील परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला. ज्या वॉर्डात माणसे चांगली मिळून काम करतात तेथे औषधांच्या चुका कमी असतील, अशी तिची अपेक्षा होती. आकडे उलटे आले. चांगल्या वॉर्डांत चुकांच्या नोंदी जास्त! खोलात शिरल्यावर उलगडा झाला. चांगल्या वॉर्डांत चुका जास्त घडत नव्हत्या, तर तेथे त्या मोकळेपणाने सांगितल्या जात होत्या. जेथे इनचार्जची दहशत होती तेथे चुका घडत होत्या आणि गाडल्या जात होत्या. गाडलेल्या चुकीतून कोणीच काही शिकत नाही. तीच चूक पुढच्या महिन्यात दुसऱ्या सिस्टरच्या हातून दुसऱ्या रुग्णावर होते.

म्हणून ‘आमच्याकडे आजवर एकही चूक झालेली नाही’ असे एखाद्या रुग्णालयाने सांगितले की मला दिलासा वाटत नाही, काळजी वाटते.

इंग्लंडमधील एक ऑपरेशन

२००५ साली इंग्लंडमध्ये एका तरुण स्त्रीवर सायनसचे साधे, आधी ठरवलेले ऑपरेशन व्हायचे होते. भूल दिल्यावर श्वासनलिकेत नळी जाईना. तीन अनुभवी तज्ज्ञ डॉक्टर पुन्हा पुन्हा तेच करत राहिले. रक्तातला प्राणवायू घसरत होता. अशा वेळी गळ्यातून श्वासाला वाट करून द्यायची असते. एका सिस्टरला हे कळले. तिने त्या शस्त्रक्रियेचा संच आणून ठेवला आणि तो तयार आहे असे सांगितलेही. कोणी लक्ष दिले नाही. दुसरीने अतिदक्षता विभागात खाट राखून ठेवायला फोन केला. डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे पाहून तिला वाटले आपण जास्तीच करतो आहोत आणि तिने ती खाट रद्द केली. त्या बाई शुद्धीवर आल्याच नाहीत. तेरा दिवसांनी गेल्या.

काय करायला हवे ते खोलीतल्या परिचारिकांना माहीत होते. ते कसे सांगायचे आणि सांगितले तर ऐकले जाईल का, हे माहीत नव्हते.

त्या बाईंचे पती वैमानिक होते. त्यांनी कोणाला फासावर द्या म्हटले नाही. हे पुन्हा होऊ नये म्हणून काय शिकलात, एवढेच विचारले आणि पुढे त्यासाठी संस्था काढली. कारण विमानाच्या क्षेत्राने हा धडा आधीच महागात घेतला होता. १९७७ साली टेनेरिफ बेटावर दोन विमानांची धावपट्टीवर टक्कर होऊन ५८३ माणसे मेली. समोरचे विमान अजून धावपट्टीवर असेल अशी शंका कॉकपिटमधल्या एका कनिष्ठाने बोलून दाखवली होती, पण अनुभवी कॅप्टनने विमान पुढे नेले. त्यानंतरच्या वर्षांत वैमानिकांचे प्रशिक्षण बदलले. कनिष्ठाने शंका बोलून दाखवायची आणि कॅप्टनने ती ऐकायची, हा आज त्यांच्या कामाचा भाग आहे.

आपल्या क्षेत्रानेही काही घेतले. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली ऑपरेशनसाठी एक यादी काढली. भूल देण्यापूर्वी, चिरा देण्यापूर्वी आणि रुग्ण थिएटरबाहेर जाण्यापूर्वी ती मोठ्याने वाचायची. रुग्णाचे नाव काय, ऑपरेशन कोणते, कोणत्या बाजूचे, अ‍ॅलर्जी आहे का, कापडे आणि उपकरणे मोजली का. बहुतेक वेळा ती वाचते सिस्टर. आणि चिरा देण्यापूर्वी खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव व काम सांगायचे असते. ज्याने एकदा तोंड उघडले तो गरज पडल्यावर पुन्हा उघडतो. दिल्लीसह जगातील आठ शहरांत हे करून पाहिले, तेव्हा ऑपरेशननंतरच्या मृत्यूंचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. त्या शिक्षकांना मी आता सांगेन की, ही यादी वाचतात का, हे जरूर विचारा.

एका सिस्टरमागे किती रुग्ण?

धीर कितीही असला, तरी हात दोनच असतात. २००२ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील रुग्णालयांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला की, ऑपरेशन झालेला रुग्ण महिन्याभरात दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले. आपल्याकडे रात्रपाळीला तीस-चाळीस खाटांना एक सिस्टर आणि एक मावशी हे दृश्य मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. तिने कोणाचे सलाईन बदलायचे, कोणाचा ताप घ्यायचा आणि कोणाच्या औषधाची खात्री करायची?

दुसरे दुखणे आपण उघड बोलत नाही. छोट्या रुग्णालयांत पांढरा कोट घातलेली प्रत्येक मुलगी शिकलेली परिचारिका नसते. दहावी-बारावी झालेल्या, गरजू, कष्टाळू मुलींना महिनाभर शिकवून इंजेक्शन हातात दिले जाते. त्या मुलींना दोष देण्यात अर्थ नाही. पण जिने औषधशास्त्र शिकलेलेच नाही तिला ‘सिलिन’ या अक्षरांवर शंका येणार कुठून? आणि जिची नोकरी मालकाच्या मर्जीवर आहे, ती ‘थांबा’ म्हणणार कशी?

शिक्षा कोणाला?

वाचक विचारतील, मग काय सगळ्यांना माफ करायचे? नाही. तीन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. रात्री दोन वाजता एकसारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्यांत गल्लत झाली, ही चूक. येथे बाटल्या वेगळ्या ठेवायच्या. पोटॅशियम क्लोराइडचे तीव्र द्रावण थेट शिरेत गेले तर हृदय बंद पडते, म्हणून ते साध्या पाण्याच्या अ‍ॅम्प्युलशेजारी ठेवूच नये. दुसरी गोष्ट, वेळ वाचवण्यासाठी रुग्णाचे नाव न विचारता नुसत्या खाटेच्या नंबरवरून औषध देण्याची लागलेली सवय. येथे समज द्यायची, सवय मोडायची. तिसरी, दारू पिऊन ड्युटीवर येणे किंवा जाणूनबुजून नियम धाब्यावर बसवणे. येथे शिक्षाच हवी. आपल्याकडे बहुतेक वेळा तिन्हींना एकच माप लावतात, मेमो. आणि तो मिळतो उतरंडीत सर्वांत खाली असलेल्या माणसाला.

नातेवाइकांनीही एक लक्षात घ्यावे. वॉर्डात आरडाओरडा, काचा फोडणे, सिस्टरच्या अंगावर जाणे, याने सत्य बाहेर येत नाही, अधिक खोल जाते. महाराष्ट्रात २०१० पासून त्याविरुद्ध कायदाही आहे. जाब विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. केसपेपरच्या प्रती मागा, लेखी तक्रार करा, ग्राहक आयोगाकडे जा.

आपण काय करू शकतो?

रुग्णाचे नातेवाईक असाल तर :

१. अ‍ॅलर्जी, चालू औषधे आणि जुने आजार एका कागदावर लिहून न्या. तोंडी सांगितले तर ते केसपेपरवर लिहिले का, हे पाहा.

२. औषध देण्यापूर्वी सिस्टरने रुग्णाचे पूर्ण नाव विचारले, तर ‘कितीदा विचारता?’ असे म्हणू नका. एका वॉर्डात एकाच नावाचे दोन रुग्ण असतात.

३. हे कोणते औषध, कशासाठी, असे शांतपणे विचारा. चांगल्या सिस्टरला त्याचा राग येत नाही.

४. पाळी बदलण्याच्या वेळी जवळ थांबा. रुग्णाबद्दलची महत्त्वाची गोष्ट नव्या सिस्टरला पुन्हा सांगा.

५. रात्री एका सिस्टरकडे किती रुग्ण असतात आणि ती शिकलेली, नोंदणी असलेली आहे का, हे दाखल करण्यापूर्वी विचारा.

६. सिस्टरने तुमच्यासमोर डॉक्टरला शंका विचारली, तर ‘हिला काही येत नाही’ असा अर्थ काढू नका. ती तुमच्याच माणसाला सांभाळते आहे.

परिचारिका भगिनींसाठी :

फोनवरून सांगितलेले औषध लिहून घ्या आणि पुन्हा वाचून दाखवा. शंका आली तर ती मनात ठेवू नका. ‘डॉक्टर, मला काळजी वाटते, हे एकदा बघा’ असे म्हणा. ऐकले नाही तर दुसऱ्यांदा सांगा. तरीही ऐकले नाही तर इनचार्जकडे किंवा वरिष्ठ डॉक्टरांकडे जा आणि तोवर औषध देऊ नका. कानाला सारखी लागणारी नावे, उदाहरणार्थ डोपामिन आणि डोब्युटामिन, अक्षर लावून विचारा.

आणि माझ्या व्यवसायबंधूंना :

सिस्टरचा प्रश्न हा आपल्या ज्ञानावरचा संशय नसतो. एकदा चिडून उत्तर दिले की पुढचे दहा प्रश्न बंद होतात आणि त्यातला एखादा आपल्याला वाचवणारा असतो. केंद्र सरकारने २०१८ साली रुग्णसुरक्षेचा राष्ट्रीय आराखडा काढला. १७ सप्टेंबर हा दिवस २०१९ पासून जगभर रुग्णसुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. फलक लागतात, भाषणे होतात. पण या सगळ्याची खरी परीक्षा रात्री दोन वाजता, झोपेतून उठवल्यावर आपण काय बोलतो, यात आहे.

एक वही

त्या प्रसंगानंतर मी माझ्या दवाखान्यात एक वही टांगली. ‘थोडक्यात वाचलो’ असे तिच्यावर लिहिले. चूक होता होता राहिली किंवा झाली, तर त्यात लिहायचे. लिहिणाऱ्याचे नाव नको, फक्त काय झाले ते. दर शनिवारी ती आम्ही सगळे, मी, सिस्टर आणि कंपाउंडर, बसून वाचतो. पहिला महिना वही कोरी राहिली. मला कारण कळले. मग पहिली नोंद मी माझ्या हाताने, माझ्या नावासह लिहिली. पेनिसिलिनची. पुढच्याच आठवड्यात दोन नोंदी आल्या. आज ती वही चौथी आहे.

ज्या सिस्टरला मी बोललो होतो तिची मी माफी मागितली, जेथे तिला बोललो होतो त्याच वॉर्डात, चार माणसांसमोर. ती आता दुसऱ्या गावी इनचार्ज आहे.

त्या शेतकऱ्याकडेही गेलो. खरे काय झाले ते सांगायला मला तीन आठवडे लागले. ओसरीवर बसवून त्यांनी सगळे ऐकून घेतले. बराच वेळ गप्प होते. माझ्या मनात काय काय येऊन गेले, ते येथे लिहीत नाही. मग ते म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, झालं ते झालं. मला कोणतं औषध चालत नाही, ते एका कागदावर लाल शाईनं लिहून द्या. पुढं कुठंही गेलो तरी उपयोगी पडंल.’’

मी लिहून दिले. प्लास्टिकमध्ये घातलेला तो कागद ते आजही खिशात ठेवतात आणि माझ्याकडे तपासायला आले की आधी तो टेबलावर ठेवतात. मी तो दर वेळी पुन्हा वाचतो.